हळदीच्या बॉयलरवरची बारीक भेग



मागच्या हंगामातली गोष्ट. ग्रामसंघाची मासिक बैठक संपत आली होती. बचत जमा झाली, कर्जाचे हप्ते लिहून झाले, वहीवर सह्या झाल्या. तेवढ्यात मागे बसलेल्या एका ताईंनी हात वर केला. त्यांच्या गटाने कर्ज काढून हळद शिजवायचा बॉयलर घेतला होता. गावोगावी नेऊन क्विंटलमागे भाडं घ्यायचं, असा धंदा चांगला बसला होता. ताई म्हणाल्या, "ड्रमला जिथं वाफेचा पाइप जोडलाय ना, तिथं वेल्डिंगच्या कडेला केसासारखी रेघ दिसतीय. चार बोटं लांब. वाफ येत नाही, पाणी येत नाही. वेल्डर म्हणतो, पाचशे रुपयांत वरून टाके मारून देतो, संध्याकाळी चालू करा. पुढं बारा शेतकऱ्यांच्या पाळ्या लागल्यात. काय करावं?"

बैठकीत दोन तट पडले. काही जणी म्हणाल्या, एवढ्याशा रेघेनं काय होतंय, हंगाम गेला तर हप्ता कुठून भरणार? काही जणी म्हणाल्या, नको बाई, वाफेचा खेळ आहे. खरं सांगायचं तर, "नको" म्हणणाऱ्यांना भीती वाटत होती, पण का नको ते कुणालाच नीट सांगता येत नव्हतं. मलाही नाही.

म्हणून हा लेख. बॉयलर असो, घरातला कुकर असो की गॅसचा सिलिंडर, दाबाखाली असलेल्या भांड्यावर भेग दिसली तर ती वाढते कशी, आणि लहान दिसली तरी तिला लहान का म्हणायचं नाही, हे आपण समजून घेऊ. एकदा समजलं की वेल्डरला आणि घाई करणाऱ्या गिऱ्हाइकाला उत्तर देणं सोपं जातं.

वाफेचं बळ केवढं असतं?

गेजवर काटा दोनवर गेला की आपण म्हणतो, "दोन किलो प्रेशर झालं." याचा अर्थ काय? अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर, म्हणजे एक चौरस सेंटीमीटरवर, आतून दोन किलोचा रेटा. ऐकायला काहीच नाही. पण ड्रमला अशी नखाएवढी जागा किती आहे ते बघा.

आधी घरातला कुकर घेऊ. शिट्टी व्हायच्या वेळी आत साधारण एक किलोचा दाब असतो. झाकण 20 सेंटीमीटर रुंद असेल तर त्याचं क्षेत्रफळ होतं सुमारे 314 चौरस सेंटीमीटर. म्हणजे झाकणाला आतून 314 किलोचा रेटा बसतो. पन्नास किलोची सहा पोती झाकणावर ठेवल्यासारखं, फक्त आतून बाहेर.

आता 75 सेंटीमीटर रुंदीचा ड्रम घ्या, दाब दोन किलो. ड्रमच्या एका तोंडावरच्या गोल पत्र्यावर रेटा येतो पावणेनऊ टनांच्या आसपास. हळदीने भरलेला ट्रक म्हणा ना!

आणि फक्त रेट्याची गोष्ट नाही. दोन किलो दाबाखाली आतलं पाणी 100 अंशांवर उकळत नाही, ते 133 अंशांच्या आसपास तापलेलं असतं. दाबामुळे ते गप्प बसलेलं असतं इतकंच. ड्रम फुटला की दाब एकदम जातो आणि त्या पाण्यातल्या दर शंभर लिटरमागे सुमारे सहा लिटरची क्षणात वाफ होते. एक लिटर पाण्याची वाफ सोळाशे लिटरहून जास्त जागा घेते. ड्रममध्ये 300 लिटर पाणी असेल तर डोळ्याची पापणी लवायच्या आत दहा बाय दहाची खोली भरेल एवढी वाफ बाहेर पडते. पत्रा उडतो, विटा उडतात, आणि जवळच्या माणसाला पळायला वेळ मिळत नाही.

मग रोज हे ड्रम फुटत का नाहीत? कारण पत्रा मजबूत असतो. आपल्या उदाहरणातल्या ड्रमचा पत्रा पाच मिलिमीटर जाड धरला तर दाबामुळे त्या पत्र्यात येणारा ताण चौरस सेंटीमीटरला 150 किलो होतो. साधं लोखंड कायमचं ताणलं जायला सुमारे अडीच हजार लागतात. म्हणजे पत्र्याची ताकद गरजेच्या सोळापट आहे. वेल्डर जेव्हा म्हणतो, "काही होत नाही ताई," तेव्हा तो याच हिशेबावर बोलत असतो.

पण हा हिशेब धड पत्र्याचा आहे. भेग पडलेल्या पत्र्याचा हिशेब वेगळा.

कापडवाल्याची कात्री

कापडाच्या दुकानात ब्लाउजपीस घेताना बघितलंय ना? दुकानदार कात्रीने काठाला फक्त एक बारीक छेद देतो आणि मग दोन्ही हातांनी टर्रकन कापड फाडतो. छेद न देता तेच कापड फाडून बघा. दंड दुखतील, कापड फाटणार नाही. कापड तेच, हात तेच. फरक फक्त त्या छेदाचा.

होतं असं, की आपण दोन्हीकडून ओढतो तेव्हा तो ओढा सगळ्या धाग्यांनी वाटून घ्यायचा असतो. छेद असला की कापलेल्या धाग्यांचा वाटा छेदाच्या टोकाच्या एका धाग्यावर येऊन पडतो. त्याला तो पेलत नाही, तो तुटतो. मग पुढच्यावर, मग त्याच्या पुढच्यावर. गटातल्या चार जणींनी हप्ता थकवला की सगळा भार पाचवीवर येतो, तसंच.

पत्र्यातही हेच होतं. इंग्लिस नावाच्या इंग्रज इंजिनिअरने 1913 मध्ये गणिताने दाखवून दिलं, की पत्र्यातल्या छिद्राचं टोक जितकं अणकुचीदार, तितका त्या टोकापाशी ताण कित्येक पटींनी वाढतो. गोल छिद्र असेल तर तिप्पट. केसासारखी भेग असेल तर तिच्या टोकाशी त्याहून कितीतरी जास्त. शिंपीणताईंना हे वेगळं सांगायला नको. कुर्त्याच्या बाजूच्या चिरीच्या टोकाला त्या पक्का टाका घालतात, कारण फाटायला सुरुवात तिथूनच होते हे त्यांना हातानं माहीत आहे.

पुढे 1921 मध्ये ग्रिफिथ या शास्त्रज्ञाने काचेवर प्रयोग करून भेगेचा नियम मांडला. नुकत्याच ओढलेल्या बारीक काचेच्या तारा जाड काचेपेक्षा कितीतरी जास्त ओढा सहन करतात, हे त्याला दिसलं. कारण जाड काचेवर आधीच डोळ्यांना न दिसणारे ओरखडे असतात. खिडकीची काच बसवणारा माणूस याच गोष्टीचा फायदा घेतो. हिऱ्याच्या कणीने काचेवर नुसती रेघ ओढतो, हलका दाब देतो, आणि काच बरोबर त्या रेघेवर तुटते. रेघ काचेच्या आरपार गेलेली नसते, वरवरचीच असते. तरी पुरते.

ग्रिफिथचा नियम सोप्या भाषेत असा: भेग चौपट झाली की सहन होणारा ताण निम्मा होतो. सोळापट झाली की पाव. अर्धा मिलिमीटरची भेग आठ मिलिमीटर झाली की भांड्याची ताकद चौथाईवर येते, आणि बाहेरून ड्रम पहिल्यासारखाच दिसतो. लोखंड काचेसारखं ठिसूळ नाही, ते चिवट आहे, म्हणून ते बराच काळ टिकून राहतं. पण त्या चिवटपणालाही मर्यादा आहे. थंडीने, चुकीच्या वेल्डिंगने, पाण्यातल्या क्षारांनी तो चिवटपणा कमी होतो.

दिसते ती लांबी, घात करते ती खोली

आता आपल्या ताईंच्या रेघेकडे परत येऊ. चार बोटं लांब, असं त्या म्हणाल्या. पण पत्र्यात ती किती खोल गेली आहे? ते कुणी बघितलं नव्हतं, आणि नुसत्या डोळ्यांना ते दिसतही नाही.

पृष्ठभागावरून सुरू होणाऱ्या भेगेचा आतला आकार बहुतेक वेळा नखासारखा किंवा अर्ध्या चंद्रासारखा असतो. वर फक्त सरळ रेघ दिसते, आणि आत पोट फुगलेलं असतं. अशी भेग लांबट आणि उथळ असेल तर सगळ्यात जास्त ताण तिच्या सगळ्यात खोल जागी येतो. म्हणजे ती बाजूला वाढण्याआधी आत वाढते. आपण वरून रोज बघतो आणि म्हणतो, "कालच्याएवढीच आहे, वाढली नाही." आत मात्र ती पत्रा खात असते. पाच मिलिमीटरच्या पत्र्यात तीन मिलिमीटर खोल भेग असेल तर तिथं सगळा भार उरलेल्या दोन मिलिमीटरवर आहे.

अशा अर्ध्या चंद्राच्या भेगेच्या कडेला कुठं किती ताण येतो, हे काढायला सोपं नव्हतं. अमेरिकेच्या नासा संस्थेत न्यूमन आणि राजू या दोन शास्त्रज्ञांनी 1980 च्या आसपास संगणकावर असंख्य आकारांचा हिशेब करून सूत्रं तयार केली. सपाट पत्र्यासाठीही केली आणि दाबाच्या गोल टाकीसाठीही. आजही जगभरचे इंजिनिअर टाकीवर भेग सापडली की तिची लांबी, खोली आणि पत्र्याची जाडी मोजतात आणि अशा सूत्रांनी ठरवतात, की टाकी चालवायची की बंद करायची. लक्षात घ्या, मोठ्या कारखान्यातला इंजिनिअरसुद्धा भेगेची खोली मोजल्याशिवाय "चालेल" म्हणत नाही. मग वेल्डर नुसतं बघून कसं म्हणेल?

भेग कुठल्या दिशेची आहे, हेही बघायचं. गोल ड्रमच्या पत्र्यात घेराच्या दिशेने जो ताण असतो तो लांबीच्या दिशेच्या ताणापेक्षा दुप्पट असतो. म्हणून ड्रमच्या लांबीच्या दिशेने गेलेली भेग जास्त धोक्याची. पण आडवी आहे म्हणून निर्धास्त राहायचं नाही. का, ते पुढे सांगते.

सावकाराच्या व्याजापेक्षा वाईट

भेग आपोआप वाढत नाही, तिला खाद्य लागतं. आपल्या बॉयलरला ते रोज मिळतं. प्रत्येक घाण्याला दाब चढतो, वाफ सोडली की उतरतो. पुन्हा चढतो, पुन्हा उतरतो. दिवसाला दहा-पंधरा घाणे. सकाळी तापतो, रात्री गार होतो. तार वाकवून-सरळ करून तोडतो ना आपण? तसंच इथं होतं, फक्त हळूहळू. त्यात बोअरचं जड पाणी. आत क्षाराचा थर साचला की पत्र्याची उष्णता पाण्याला नीट पोचत नाही, पत्रा जास्त तापतो. गरम ड्रममध्ये गार पाणी सोडलं की तो एकदम आकसतो. हे सगळं भेगेच्या पथ्यावर पडतं.

अमेरिकेतल्या पॉल पॅरिस यांनी 1960 च्या सुमारास भेग वाढण्याचा वेग मोजायची रीत सांगितली. आपल्याला तिच्यातलं एवढंच घ्यायचं. सावकाराच्या चक्रवाढ व्याजात मुद्दल दुप्पट झालं की व्याजही दुप्पट होतं. लोखंडातल्या भेगेचं तसं नाही. भेग दुप्पट झाली की तिच्या वाढीचा वेग जवळपास तिप्पट होतो. चौपट झाली की आठपट.

म्हणजे भेगेच्या आयुष्याचा बहुतेक काळ ती अगदी लहान असताना जातो. एक मिलिमीटरची दोन व्हायला दोन हंगाम लागले म्हणून दोनची चार व्हायलाही दोन लागतील असं नाही, दीडच्या आसपास पुरेल. पुढची वाढ आणखी घाईची. आपल्याला रेघ डोळ्यांनी दिसायला लागते तेव्हा बराचसा प्रवास झालेला असतो. "मागच्या वर्षीही होती, काही झालं नाही," हा धीर देणारा मुद्दा नाही. तो उलट घाबरायचा मुद्दा आहे.

वरून टाके मारले तर?

आता वेल्डरच्या पाचशे रुपयांकडे येऊ. वरून वेल्डिंग केलं की रेघ झाकली जाते. पण टाका वरच्या एक-दोन मिलिमीटरलाच भरतो. खालची भेग तशीच राहते, आणि आता ती दिसतही नाही. दुसरं म्हणजे वेल्डिंगच्या कडेचा पत्रा एकदम तापून एकदम गार होतो. काही पोलादांत ती कडा कडक आणि ठिसूळ होते. नवीन भेग तिथूनच सुरू व्हायची शक्यता असते.

याचं एक मोठं उदाहरण अमेरिकेतलं आहे. इलिनॉय राज्यात रोमिओव्हिल इथं एका तेलशुद्धीकरण कारखान्यात सुमारे 17 मीटर उंचीची, एक इंच जाड पत्र्याची पोलादी टाकी होती. आपल्या सिलिंडरमध्ये असतो त्याच जातीचा गॅस तिच्यात साफ व्हायचा. 1974 मध्ये तिच्या पत्र्याचा एक पट्टा खराब झाला म्हणून जागेवरच नवा पट्टा वेल्डिंग करून बसवला. त्या वेल्डिंगच्या कडेचा भाग कडक झाला. आतल्या हायड्रोजनमुळे तिथं भेगा पडल्या आणि दहा वर्षं आतून वाढत राहिल्या.

23 जुलै 1984 ला एका कामगाराला टाकीवर सहा इंचांची आडवी भेग दिसली. तिच्यातून गॅस येत होता. तो व्हॉल्व्ह बंद करायला धावला, तोवर भेग दोन फुटांची झाली. आग विझवणारे येऊन पोचत होते आणि टाकी फुटली. टाकीचा वरचा भाग एक किलोमीटर लांब जाऊन पडला. 17 माणसं गेली, त्यांत 10 जण आग विझवायला आलेले होते. नंतर तपासात कळलं, की भेग पत्र्याच्या जाडीच्या 90 टक्क्यांहून खोल गेली होती. आणि टाकी फुटली तेव्हा पत्र्यातला ताण त्याच्या ताकदीच्या साधारण दहावा हिस्साच होता.

"पत्र्याची ताकद सोळापट आहे" या हिशेबाचं उत्तर इथं मिळतं. दहापट ताकद असलेली टाकी भेगेने फोडली. तीही आडव्या भेगेने.

आधी गळती की आधी फूट?

काही जणी विचारतील, भेग आरपार गेली तर आधी गळायला लागेल, मग बंद करू की! पुष्कळदा तसं होतंही. पत्रा चिवट असेल आणि भेग आखूड असेल तर ती आरपार जाते, फुस्स आवाज येतो, वाफ दिसते, आणि भांडं टिकतं. अणुवीज केंद्रांतले पाइपसुद्धा "आधी गळती, मग फूट" या हिशेबाने तपासतात. अशी गळती म्हणजे भांड्याने आधी दिलेली हाक.

पण लांब भेग असेल किंवा पत्रा ठिसूळ झाला असेल तर गळती आणि फूट यांच्यात काही मिनिटंच मिळतात. कधी तीही मिळत नाहीत. म्हणून नियम असा: गळती दिसली की ती बघायला जवळ जायचं नाही. बोल्ट आवळायचा नाही, फडकं गुंडाळायचं नाही, गार पाणी ओतायचं नाही. आधी माणसं आणि लेकरं लांब न्यायची. नवीन सरपण घालायचं नाही. आग विझून ड्रम पूर्ण गार होईपर्यंत कुणी जवळ फिरकायचं नाही.

कायदा आला तो अशाच एका भेगेमुळे

1905 मध्ये अमेरिकेतल्या ब्रॉकटन गावी बुटांच्या कारखान्याचा बॉयलर फुटला. नवा बॉयलर दुरुस्तीला होता म्हणून त्या दिवशी जुना पेटवला होता. पत्र्यावर पत्रा ठेवून जिथं रिबिटं मारली होती, त्या जोडाच्या आत भेग लपलेली होती. बाहेरून दिसणं शक्यच नव्हतं. इमारत कोसळली, आग लागली, 58 कामगार गेले. त्यानंतर त्या राज्याने बॉयलरचा कायदा केला आणि 1915 मध्ये तिथल्या इंजिनिअरांच्या संघटनेने बॉयलर कसे बांधायचे याची नियमावली काढली.

आपल्या देशात 1923 चा बॉयलर कायदा होता, त्याच्या जागी आता 2025 चा कायदा आला आहे. साधारणपणे 25 लिटरपेक्षा मोठा आणि एक किलोपेक्षा जास्त दाबावर चालणारा वाफेचा बॉयलर या कायद्याखाली येतो. त्याची नोंदणी लागते, ठरावीक मुदतीने तपासणी लागते, आणि परवानगीशिवाय त्याची दुरुस्ती करता येत नाही. महाराष्ट्रात हे काम बाष्पके संचालनालय बघतं. म्हणजे नोंदणीच्या बॉयलरवर परस्पर टाके मारून घेणं धोक्याचं तर आहेच, कायद्यालाही धरून नाही.

गटाने काय करायचं?

1. विकत घेतानाच ड्रमवरची पाटी बघा. किती दाबासाठी बनवला, कधी बनवला, पत्रा किती जाड, चाचणीचा कागद आहे का, हे विचारा. पाटी नाही, कागद नाही, तर स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. जुना बॉयलर घेताना तर नक्कीच नाही.

2. सेफ्टी व्हॉल्व्हला वजन बांधू नका, खिट्टी मारू नका. गेजचा काटा अडकत असेल तर त्या दिवशी काम बंद.

3. हंगामाच्या आधी, मध्ये आणि शेवटी ड्रम गार आणि रिकामा असताना घासून पुसून उजेडात बघा. वेल्डिंगच्या कडा, पाइपांचे जोड, पाय जोडलेली जागा आणि जाळाकडची बाजू विशेष बघा. भेगा इथंच सुरू होतात.

4. संशय आला तर जुन्या कारागिरांची एक रीत आहे. ड्रम गार असताना, जवळ आग नसताना, त्या जागी डिझेल लावा, थोडा वेळ थांबा, कोरडं पुसून घ्या आणि वरून खडूची भुकटी लावा. भेगेत शिरलेलं डिझेल वर येतं आणि पांढऱ्यावर ओली रेघ उमटते. रेघ उमटली तर भेग आहे. उमटली नाही म्हणजे भेग नाहीच, असं मात्र समजू नका.

5. पक्की तपासणी जाणकाराकडून करून घ्या. लाल रंगाची डीपी टेस्ट भेगेची खरी लांबी दाखवते. ध्वनिलहरींची तपासणी खोली सांगते. शेवटी पाण्याची दाबचाचणी. ड्रम काठोकाठ पाण्याने भरून, नेहमीच्या दाबाच्या साधारण दीडपट दाब पंपाने देऊन बघतात. ही चाचणी हवेच्या कॉम्प्रेसरने कुणी करत असेल तर करू देऊ नका. पाणी दाबलं जात नाही, म्हणून फुटलं तरी नुसतं सांडतं. दाबलेली हवा बॉम्बसारखी उडते.

6. दुरुस्ती करायचीच झाली तर भेग मुळापर्यंत घासून काढायची किंवा तेवढा पत्रा कापून नवा बसवायचा, आणि मग पुन्हा सगळ्या चाचण्या. भेगेच्या टोकाला भोक पाडून ती थांबवतात, असं कुणी सांगेल. साध्या पत्र्याला ते चालतं, दाबाच्या ड्रमला तो इलाज नव्हे.

घरातही एवढं बघा

माठ घेताना आपण टिचकी मारून आवाज ऐकतो. खणखणीत वाजला तर घेतो, बद्द वाजला तर ठेवून देतो. तीच नजर कुकरलाही लावा. कुकरच्या काठाला, हँडलच्या जोडापाशी किंवा बुडाला रेघ दिसली तर तो कुकर दाबासाठी संपला. त्याला ठिगळ लावून घेऊ नका. नवीन घेताना आयएसआय खूण बघा. शिट्टीचं छिद्र रोज उजेडाला धरून बघा.

सिलिंडर घेताना वरच्या कड्याच्या पट्टीवर इंग्रजी अक्षर आणि आकडा असतो. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर, डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. पुढचा आकडा वर्षाचा. डी-28 असेल तर 2028 च्या डिसेंबरपर्यंत त्याच्या तपासणीची मुदत. मुदत उलटलेला, खोल पोचलेला किंवा बुडाला गंजून खवले निघालेला सिलिंडर आला तर घेऊ नका, बदलून मागा. तो आपला हक्क आहे.

त्या गटाचं पुढं काय झालं?

त्या दिवशी बैठकीतल्या एका वयस्कर आजीने वाद मिटवला. त्या म्हणाल्या, "भेग केवढी हाय ते कळस्तोवर जाळ घालू नका. एवढंच ठरवा." तेवढंच ठरलं.

तालुक्याहून माणूस बोलावून डीपी टेस्ट केली. डोळ्यांना चार बोटं दिसणारी रेघ लाल रंगात एक वीत निघाली. घासून बघितलं तर निम्म्याहून जास्त पत्रा चिरला होता. तो भाग कापून नवा पत्रा बसवला, पाण्याची चाचणी घेतली. यात नऊ दिवस गेले. बारापैकी पाच शेतकरी दुसरीकडे गेले. चार जण थांबले. तिघांची हळद गटातल्या बायकांनी जुन्या पद्धतीने काहिलीत शिजवून दिली. सरपण दुप्पट लागलं, हात भरून आले. भाडं बुडालं ते बुडालंच. ग्रामसंघाने त्या महिन्याचा हप्ता पुढच्या दोन महिन्यांत वाटून दिला.

ज्या ताईंनी प्रश्न विचारला होता, त्याच ड्रमच्या तोंडाशी उभ्या राहून वाफ सोडतात. रेघ होती ती बरोबर त्यांच्या छातीच्या उंचीवर.

मैत्रिणींनो, ज्या गटांकडे हळदीचा बॉयलर, वाफेची कढई किंवा असं कुठलंही दाबाचं भांडं आहे, त्यांनी येत्या बैठकीच्या विषयपत्रिकेत एक विषय वाढवावा: ड्रमची पाहणी. तारीख, कुणी बघितलं, काय दिसलं, हे कर्जाच्या वहीसारखं वहीत लिहा आणि खाली दोघींच्या सह्या घ्या. रेघ दिसली तर जाळ घालायच्या आधी ग्रामसंघाला कळवा. हप्त्याचं काय करायचं, ते आपण सगळ्या मिळून बघू.